हिरव्या पट्ट्यात महारवाडा कुठं आहे?

मागल्या महिन्यात आपली तीन पोरं माझ्याकडं आली. हातात एक पत्रक. कल्याण-शीळ रस्त्याला लागून शेतजमीन वाचवण्यासाठी सभा होती आणि आपण जायचं का, हा त्यांचा सवाल. एक म्हणाला, "काका, बाबासाहेबांनी खेडं सोडा म्हणून सांगितलं. मग आता आपण कुणाची शेतं वाचवायला जायचं?" दुसरा म्हणाला, "जमीन त्यांची, भाव त्यांचा, मोर्चा पण त्यांचाच." तिसरा गप्प. त्याला मी विचारलं, तुझ्या आजाच्या नावावर काय होतं? त्याला माहीत नव्हतं. पहिल्या दोघांनाही नव्हतं.

त्यांना मी चहा पाजला आणि चार दिवसांनी या म्हणून सांगितलं. चार दिवसांनी जे बोललो ते इथं जरा नीट मांडून लिहितो आहे.

मी कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांपैकी एका गावचा. गावाचं नाव लिहीत नाही, कारण आमचं प्रकरण चालू आहे. मानपाडा, सोनारपाडा, निळजे, काटई, हेदुटणे, कोळे, घेसर, भोपर, संदप, उसरघर या ओळीतलंच एक समजा. आज तिथं शेत दाखवा म्हटलं तर टॉवरांच्या मधल्या फटीत बांध शोधावा लागतो. माझ्या लहानपणी पावसाळ्यात गावातून स्टेशनाकडं जायचं म्हणजे खाचरांच्या बांधावरून, चपला हातात घेऊन.

इथली शेती म्हणजे भात. उन्हाळ्यात पाला, गवत, शेण पसरून राब भाजायचा. पाऊस पडला की त्या भाजलेल्या जागेत बी टाकायचं, आवण वाढलं की उपटून खाचरात लावायचं. राबाला पाला लागतो म्हणून भातशेताच्या जोडीला वरकस जमीन, आणि वरकसचं गवत मुंबईच्या तबेल्यांना. भात निघालं की राहिलेल्या ओलीवर वाल. खाडीच्या अंगाला खारजमिनी, तिथं बांध घालून खारं पाणी अडवायचं. १६ एप्रिल १८५३ ला आगगाडी ठाण्यापर्यंत आली, १८५४ साली कल्याणपर्यंत. तेव्हापासून ही शेती मुंबईच्या तोंडाशी बांधली गेली. म्हणजे शहराची कड आमच्याकडं सरकायला सुरुवात झाली ती कालपरवाची गोष्ट नाही.

आता कामाचे हात कुणाचे? आगरी आणि कुणबी स्वतः चिखलात उतरत होते, हे आपण प्रामाणिकपणे कबूल केलं पाहिजे. ते काही माडीवर बसलेले जमीनदार नव्हते. त्यांच्या डोक्यावर खोत होता, सावकार होता. पण त्यांच्या बांधावर माझी आजी होती, लावणीला वाकलेली, आणि तिला पाणी वरून ओतून मिळत होतं. बांधाच्याही पलीकडं कातकरी. या रांगेत कोण कुठं उभा होता ते विसरून "भूमिपुत्र" हा शब्द वापरला की मला ठसका लागतो.

आमच्याकडं जमीन नव्हती असं नाही. महार वतन होतं. सांगावा पोचवायचा, सरकारी टपाल न्यायचं, साहेबाचं सामान वाहायचं, मेलेलं ढोर ओढायचं, रात्री राखण करायची. चोवीस तासांची चाकरी आणि ती सगळ्या घराला लागू. बाप आजारी तर पोरानं, पोरगा नाही तर बाईनं. बदल्यात बलुतं आणि इनामाचा एक तुकडा. १८७४ च्या वतन कायद्यानं ही बांधणी पक्की केली. जमीन कसायला आमची, पण मालकीनं नव्हे. चाकरी आहे तोवर जमीन. या एका वाक्यात पुढच्या शंभर वर्षांचा घोटाळा आहे.

बाबासाहेबांनी तो नेमका ओळखला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं. मागणी अशी की महाराला चाकरीतून सुटायचं असेल तर सुटू द्या, तो जमिनीचा पूर्ण सारा भरील, आणि जमीन त्याच्याकडंच इतर रयतेसारखी राहू द्या. म्हणजे वेठ जाऊ दे, जमीन राहू दे. १९२९ साली ते विधेयक त्यांना मागं घ्यावं लागलं. पुढं त्यांनी हा प्रश्न सोडला नाही, १९३९ साली हरेगावला महार वतनदारांची परिषद घेतली. पण वतन खालसा झालं ते त्यांच्या निर्वाणानंतर. कायदा १९५८ चा, कनिष्ठ ग्रामवतनांच्या निर्मूलनाचा. अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून.

हा कायदा नीट वाचा. वतन गेलं, चाकरी गेली, उत्तम. पण त्याच कलमांनी जमीनही आधी सरकारजमा झाली. मग वतनदारानं पूर्ण साऱ्याच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम ठरलेल्या मुदतीत भरायची, की सरकार तीच जमीन त्याला फेरप्रदान करणार, नव्या शर्तीवर. नवी शर्त म्हणजे कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वाटायची नाही. परवानगी घेतलीत तर वर नजराणा. हेतू चांगला सांगितला जातो, की गरीब माणसाची जमीन कुणी फसवून घेऊ नये. त्या हेतूचं काय झालं ते माझ्या घरचंच सांगतो.

रक्कम मोठी नव्हती. काही रुपयांचा सारा, त्याच्या तिप्पट. प्रश्न पैशाचा नव्हताच. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर आमच्या वाड्यानं महारकी टाकली. ढोर ओढणं बंद, सांगावा बंद, चावडीवर जाणं बंद. ताठ मानेनं बंद. आणि १९५९ ची नोटीस लागली ती चावडीवर! आजोबा तेव्हा कल्याणच्या रेल्वे यार्डात खलाशी. त्यांना ही गोष्ट कळली ती तीन वर्षांनी, गाडीत, दुसऱ्या गावच्या माणसाकडून. त्यांनी धावाधाव करून १९६२ साली रक्कम भरली. पावती आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, शाई तपकिरी झाली आहे. पण पावती म्हणजे फेरप्रदानाचा हुकूम नव्हे आणि हुकूम म्हणजे फेरफार नव्हे, हे त्यांना कोण सांगणार? ते समजले, जमीन आपली झाली. सातबाऱ्यावर मात्र सरकारच राहिलं आणि आमची नावं इतर हक्कात. वाड्यातल्या नऊ हिस्सेदारांत मिळून १ एकर ३१ गुंठे.

त्याच सुमाराला दुसरीकडं काय चाललं होतं ते बघा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कूळकायद्यानं कुळाला मालक केलं. ठाणे जिल्ह्यात हजारो आगरी-कुणबी कुळं खोत-सावकाराच्या हातून सुटली, आणि ही फार मोठी, फार चांगली गोष्ट झाली. तिच्यामागं बाबासाहेबांचाही हात आहे, हे आज त्या घरांतली पोरं विसरली आहेत. १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक त्यांनी मांडलं. १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर गेला, त्याच्या पुढं ते होते. चरीच्या संपातले नारायण नागू पाटील त्यांच्याबरोबर होते. म्हणून "कुणाची शेतं वाचवायला जायचं" या प्रश्नाला बाबासाहेबांनी एकदा कृतीनंच उत्तर दिलेलं आहे. ती शेतं महारांची नव्हती.

पण कूळ म्हणून नाव लागायला पीकपाहणीत नाव पाहिजे. लावणीला वाकलेल्या बाईचं नाव पीकपाहणीत नसतं. म्हणून दोन वर्षांच्या अंतरानं दोन कायदे आले. एकानं शेजाऱ्याला मालक केलं. दुसऱ्यानं आम्हाला अर्जदार केलं.

यानंतर शहर आलं. खरं तर आधीच आलं होतं, खाकी कपड्यात. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर तिथं सिंधी निर्वासितांना वसवलं आणि १९४९ साली तिचं उल्हासनगर झालं. नेवाळीला विमानाच्या धावपट्टीसाठी सोळाशे एकरांवर जमीन युद्धकाळात घेतली ती परत मिळालीच नाही. २२ जून २०१७ ला नौदलाच्या भिंतीवरून तिथं उद्रेक झाला, रस्ते पेटले, शेतकरी जखमी झाले. त्यांची मागणी न्याय्य आहे. मात्र "मूळ मालकांना परत" असं म्हणताना मूळ मालक १९४० च्या दप्तरावरून ठरणार. त्या दप्तरात महार हा मालक नाहीच, तो वतनाचा चाकर आहे.

१९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ झालं. ठाण्याला वागळे इस्टेट, पुढं ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवलीचे रासायनिक कारखाने. माझे बाबा त्यातल्या एका कारखान्यात बदली कामगार म्हणून लागले आणि बदली कामगार म्हणूनच संपले. तरी मी सांगतो, त्या पगारावर मी शिकलो. आजीच्या खाचरावर शिकलो नसतो. भाताच्या हिरव्या रंगावर कविता करणाऱ्यांनी आधी आषाढात चार तास पाण्यात वाकून बघावं.

१९७० साली सिडको आली, ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातली ९५ गावं. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जासईच्या बाजूला गोळीबारात पाच शेतकरी मेले. त्या रक्तातून पुढं साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना मिळाली. पण साडेबारा टक्के कशाचे? संपादित झालेल्या जमिनीचे. ज्याची जमीन नाही त्याचे साडेबारा टक्के कुणी मोजायचे?

आता हिरव्या पट्ट्याकडं येतो. १९७३ साली मुंबई महानगर प्रदेशाची पहिली प्रादेशिक योजना मंजूर झाली. नकाशावर रंग भरले, त्यात हिरवा. सुधारित योजना १९९९ ची, त्यात हिरव्याचे दोन प्रकार. पुन्हा नवी योजना २०२१ ला. आमचा १ एकर ३१ गुंठ्यांचा तुकडा हिरव्यात होता. हिरव्यात म्हणजे बिगरशेती होणार नाही, बांधकाम नाही, बँक उभी करणार नाही, भाव नाही. त्यात वर नवी शर्त, म्हणजे विकता येत नाही. त्यात वर सातबाऱ्यावर सरकार. एकावर एक तीन संरक्षणं! इतकं संरक्षण तर मंत्र्यालाही नसतं.

१९९४ साली एक बिल्डरचा माणूस आला. नाव लिहीत नाही. त्याला आमच्या जमिनीविषयी आमच्यापेक्षा जास्त माहिती होती. तो म्हणाला, ही जमीन तुमच्या काही कामाची नाही. शर्तीत अडकलीय, झोनमध्ये अडकलीय, नावावर नाही. सगळं खरं होतं. त्यानं नऊ हिस्सेदारांना प्रत्येकी अठरा हजार दिले आणि साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर सह्या घेतल्या. विक्री नाहीच, कारण विक्रीला परवानगी लागते. नुसतं कुलमुखत्यारपत्र. पुढची परवानगी, नजराणा, झोन सगळं तो बघून घेणार. बाबा वारले होते, बहिणीचं लग्न ठरलं होतं. मी तेवीस वर्षांचा, बी.ए. झालेला, दोन शिबिरं केलेला. मी सही केली.

हे लिहायला मला तीस वर्षं लागली. तुम्हाला भाषण देणारा माणूस कुठल्या कागदावर सही करून आलाय हे तुम्हाला माहीत असावं.

पुढं त्या जागेला लागून चाळी झाल्या, मग सात मजली इमारत. हिरवा रंग आमच्याकडं जमीन असेपर्यंत पक्का होता, आमच्या हातून सुटल्यावर तो फिका पडला. आमच्यातल्या दोघांनी नंतर शर्तभंगाची तक्रार केली. वकिलानं समजावलं की शर्तभंग सिद्ध झाला तर जमीन आधी सरकारजमा होईल. म्हणजे आम्हाला वाचवण्यासाठी घातलेली शर्त मोडली गेली म्हणून शिक्षा पुन्हा त्याच जमिनीला. मग आम्ही पुन्हा अर्जदार.

हे एकट्या आमच्या गावचं नाही. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनी जमिनीचा व्यवहार गाजला तेव्हा पेपरवाले आश्चर्य करत होते. आपल्या वाड्यात कुणाला आश्चर्य वाटलं नाही. भाव ऐकून तेवढं वाटलं.

महापालिकेचा इतिहास थोडक्यात उरकतो, त्यात रस घेण्यासारखं कमी आहे. १९८३ ला कल्याणची महापालिका झाली, २७ गावं आत. कर आला, आरक्षणं आली, पाणी आलं नाही. २००२ ला गावं बाहेर. २०१५ ला पुन्हा आत. २०२० च्या मार्चमध्ये त्यातली १८ बाहेर काढायचं ठरलं, डिसेंबरात हायकोर्टानं ते रद्द केलं. या आत-बाहेरच्या खेळात कुणाचाच धाक नव्हता तेव्हा खाचरांत भराव पडत गेला. मधल्या काळात किमान शंभर एकरांच्या नगर वसाहतींचं धोरण आलं. एक गुंठा विकायला आम्हाला कलेक्टर लागतो, शंभर एकरवाल्यासाठी नियमच वेगळे. आणि ज्यांनी घामाच्या पैशानं स्वस्त घरं घेतली त्यांचं काय? खोट्या परवानग्यांच्या ६५ इमारती पाडायचा हुकूम हायकोर्टानं नोव्हेंबर २०२४ ला दिला. त्या इमारतींत आपलीही माणसं आहेत.

मग बाबासाहेब काय म्हणाले होते? पोरं अर्धं वाक्य पाठ करून येतात. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. त्यात त्यांनी शेत लहान की मोठं हा मूळ प्रश्नच मानला नाही. भांडवल कमी आणि जमिनीवर रिकाम्या हातांचा भार जास्त, हे दुखणं. उद्योग वाढवा, माणसं तिकडं जाऊ द्या, हा उपाय. म्हणजे कारखान्याला, शहराला त्यांचा विरोध नव्हता. पण १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन सरकारनं घ्यावी आणि जात न बघता गावकऱ्यांना सामुदायिक कसायला द्यावी असं मांडलं. गाव सोडा याचा अर्थ जमिनीवरचा हक्क सोडा असा त्यांनी कधीही केला नाही. म्हणून तर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले, लाखो माणसं तुरुंगात गेली. आज त्याच दादासाहेबांच्या नावानं भूमिहीनांना चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची सरकारी योजना आहे. २०१८ साली तिची मर्यादा वाढवली, एकरी जिरायतीला ५ लाख, बागायतीला ८ लाख. या दरात आमच्या शीळ रस्त्यावर पार्किंग मिळत नाही.

आणि आपण स्वतःहून घेऊ म्हटलं, तर कूळकायद्याचं ६३ वं कलम आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. शेतजमिनीचं रक्षण करणारं कलम आहे, मी ते रद्द करा म्हणणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या चिखलात वाकलेली माझी आजी कायद्यानं शेतकरी ठरत नव्हती, हेही त्या सभेत कुणीतरी बोललं पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं निदान तीन वर्षं तिथं राबलेल्या शेतमजुराला बाधित कुटुंबात धरलं. ते कलम किती मोजण्यांत वापरलं गेलं ते आपापल्या गावात जाऊन विचारा. कातकऱ्यांच्या वाडीतही विचारा. वीटभट्टीवर उचल घेऊन गेलेल्या माणसाच्या नावानं कुणी पंचनामा केला असेल तर मला येऊन सांगा.

तर आम्ही सभेला गेलो. चौघं. मागं बसलो नाही. मला पाच मिनिटं मिळाली. मी म्हणालो, शेती वाचली पाहिजे, भराव थांबला पाहिजे, आम्ही बरोबर आहोत. पण ठरावात एक ओळ घाला: प्रत्येक गावच्या महार वतनाची आणि गुरचरणाची यादी ग्रामसभेत मोठ्यानं वाचली जावी, आणि शर्तभंगाची जमीन मूळ वतनदारांच्या वारसांना मिळावी. कुजबुज झाली. व्यासपीठावरचा एक जण म्हणाला, इथं जातीचं काही आणू नका. तेव्हा तिसऱ्या रांगेतून एक म्हातारे आगरी गृहस्थ उठले. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "तो बोलतंय ते खरं हाय. त्यांचा शेत आमचे वरच्या अंगाला होता. माज्या बापानं तिथला पाणी आपल्या खाचरान घेतला व्हता, त्यांना विचारला नव्हता." एवढं बोलून ते खाली बसले. ठरावात ओळ आली नाही.

त्यानंतरच्या आठवड्यापासून पोरं गाव नमुना तीनच्या नकला काढतायत. दुमाला जमिनींची ही जुनी नोंदवही. वतनं त्यात सापडतात. बरोबर नमुना एक-क आणि १९५९ नंतरचे फेरफारही मागायचे. अर्ज साधा असतो. पहिल्या खेपेला दप्तर सापडत नाही म्हणतात, दुसऱ्या खेपेला साहेब दौऱ्यावर. तिसऱ्या खेपेला तिघं मिळून गेलात की सापडतं. मोडी असेल तर घाबरू नका, वाचून देणारा माणूस आहे. दोन गावांच्या नकला हातात आल्या आहेत. त्या दिवशी गप्प बसलेल्या पोराच्या आजाचं नाव दुसऱ्या गावच्या नकलेत निघालं. अकरा गुंठे. लिहिणाऱ्यानं बापाचं नाव चुकीचं घातलंय, पण आजीनं ऐकल्याबरोबर सांगितलं की हाच, ओढ्याकाठचा तुकडा, तिथं दोन आंबे होते.